चार डीएम, एक जग: गटासाठी डिफॉल्ट सेटिंग कोणतं धरावं?

होटगी_रोडची_चेटकीण:

नमस्कार मंडळी. थोडं लांबण आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण आमच्यात यावरून भांडणं व्हायला लागली आहेत.

सोलापुरात आमचा डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, कल्पित जगात आपापलं पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळणाऱ्यांचा छोटा गट आहे. रविवारी दुपारी माझ्या क्लासच्या खोलीत जमतो. तिथे पंखे धड आहेत आणि बाक जोडून मोठं टेबल होतं. आतापर्यंत डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, एकच होता आणि जग सगळं त्याच्या डोक्यात. त्याला पुण्यात नोकरी लागली. पोरगं शिकलं की पुण्याला जातं, त्यात नवीन काही नाही, पण जातानं जगही घेऊन गेला. वही मागितली तर म्हणतो, "वहीत काही नाही ताई, मी तिथल्या तिथं सांगायचो."

आता आम्ही चौघं आळीपाळीनं डीएम होणार. एक जण टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, एक एमआर आहे (महिन्यातले निम्मे दिवस बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट), एक इंजिनिअरिंगला आहे, आणि चौथी मी. खेळणारे कधी आठ, कधी तीन. परीक्षा आल्या की तेही नाहीत. म्हणून असं जग हवंय की माझ्या टेबलावरचं कॅरेक्टर पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या टेबलावर उचलून नेता यावं आणि कुणाला "तू इथं कसा?" असं विचारायला लागू नये.

अडचणी सांगते. इंग्रजी जाड पुस्तकं वाचणारे आमच्यात दोघंच. वर्गणी काढून नियमांची २०२४ ची नवी पुस्तकं घेतली आहेत, त्यापुढे खर्च करायची कुणाची तयारी नाही. क्लेरिकला (देवाच्या बळावर जादू करणारं पात्र) देव लागतो, आणि घरातले देव टेबलावर आणायचे नाहीत हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं आहे. आमच्यात लिंगायत आहेत, पद्मशाली आहेत, मुसलमान आहेत, उगाच कशाला.

छापील तयार जगांतलं फर्गॉटन रेल्म्स, ग्रेहॉक, एबेरॉन की आपलं स्वतःचं? कारणासकट सांगा. "जे आवडेल ते घ्या" असं सांगणाऱ्यानं रविवारी येऊन बाक लावावेत.

नवीपेठकर:

ताई, डोळे झाकून फर्गॉटन रेल्म्स घ्या. २०१४ चा स्टार्टर सेट तिथलाच, त्यानंतरची बरीच मोठी साहसंही तिथल्याच सोर्ड कोस्ट या किनाऱ्यावरची. २०२३ ला त्याच जगातल्या एका शहरावरचा कॉम्प्युटर गेम बाल्डर्स गेट ३ आला, तेव्हापासून इंजिनिअरिंगच्या पोरांना त्या शहराच्या गल्ल्या सोलापूरपेक्षा जास्त पाठ आहेत. एड ग्रीनवुडनं हे जग लहानपणी स्वतःच्या गोष्टींसाठी रचायला घेतलं, पेटीबंद संच म्हणून छापून आलं १९८७ ला. इतक्या वर्षांचं साहित्य साचलेलं आहे. खानावळीचं नाव पाहिजे, सापडतं. खानावळीच्या मालकाच्या मेहुण्याचं नाव पाहिजे, तेही सापडतं. तुमच्या एमआर दादाला एसटीत बसल्या बसल्या तयारी करता येईल.

स्वतःच्या जगाच्या भानगडीत पडू नका. पहिल्या महिन्यात डोंगरांना नावं देता, दुसऱ्यात कंटाळता.

मिलचा_भोंगा:

माझं मत एबेरॉन. आजोबा मिलमध्ये जॉबर होते, म्हणून पक्षपाती आहे हे आधीच सांगतो.

खेळ छापणाऱ्या विझार्ड्स कंपनीनं २००२ मध्ये नव्या जगासाठी स्पर्धा लावली, अकरा हजारांवर प्रस्ताव आले, त्यातून किथ बेकरचं हे जग निवडलं. पुस्तक २००४ ला आलं. जादू इथं मनोऱ्यातल्या म्हाताऱ्याची नाही, कारखान्यातली आहे. विजेवर गाडी धावते. दवापाणी एका घराण्याच्या हातात, वाहतूक दुसऱ्याच्या, कारखानदारी तिसऱ्याच्या. शंभरेक वर्षं चाललेलं युद्ध तिथल्या ९९६ सालच्या थ्रोनहोल्डच्या तहानं थांबलं, आणि खेळ सुरू होतो ९९८ ला. म्हणजे जखमा अजून ओल्या. वॉरफोर्ज्ड (जिवंत यंत्रपुरुष) तर लढाईसाठीच घडवलेले, आणि आता लढाईच नाही. दिवसभर चौकात उभे राहतात. मिल बंद पडल्यावर आमच्या चाळीच्या ओट्यावर बसलेली माणसं ज्यांनी बघितलीत त्यांना वॉरफोर्ज्ड समजावून सांगावा लागत नाही. सोलापूरला याच्याहून जवळचं जग कुठलं?

मालढोक:

ताई, कुठलं जग चांगलं हा तुमचा प्रश्नच नाही. चौघांच्या हातात कुठलं जग टिकेल, हा आहे. त्याला माप वेगळं लागतं. खेळणाऱ्याला न विचारता काय गृहीत धरता येतं, आणि एका डीएमला बाकीच्या तिघांना फोन न लावता काय ठरवता येतं, एवढंच बघायचं. त्या मापानं मी ग्रेहॉक म्हणेन, आणि तेही पातळ. मी डाईंगमध्ये आहे, गडद रंगावर दुसरा रंग चढत नाही हे मला रोजचं आहे.

नवीपेठकर म्हणतात ते सगळं खरं आहे, आणि घोटाळा तिथंच आहे. रेल्म्सची पहिली पेटी तिथलं १३५७ साल धरून लिहिलेली. मग २००८ च्या चौथ्या आवृत्तीसाठी १३८५ ला जादूची महामारी आणून नकाशाच उलटापालटा केला. पाचव्या आवृत्तीत तो बराचसा परत जागेवर बसवला आणि काळ नेला १४८० च्याही पुढे. आता तुमच्या एका डीएमनं एक जुनं पुस्तक वाचलेलं असणार, दुसऱ्यानं विकी, तिसऱ्यानं नुसता गेम खेळलेला. तिघांचे तीन रेल्म्स. शिवाय प्रत्येक टेबलावर एक जाणकार असतोच. डीएम म्हणतो, नगराचा कारभारी अमुक. हा म्हणतो, "का बे, त्या साली तर तो मेलेला होता." डीएम मोबाइल काढतो, दुसराही काढतो. दुपार गेली. नवा डीएम असेल तर तो पुढच्या वेळी डीएम व्हायचंच टाळतो, आणि हे मी एकदा नाही, बऱ्याच टेबलांवर बघितलेलं आहे.

ग्रेहॉक मुळात गॅरी गायगॅक्सच्या, म्हणजे हा खेळ रचणाऱ्या दोघांतल्या एकाच्या, घरचं टेबल. लेक जिनीव्हा नावाच्या गावात, पोरं आणि शेजारीपाजारी घेऊन. १९७४ ला खेळ छापला गेला त्याच्या आधीपासूनचं. १९८० ला ते पहिल्यांदा स्वतंत्र छापलं तेव्हा पुस्तिका होती ३२ पानांची, सोबत डार्लीन या चित्रकर्तीनं काढलेले मोठे नकाशे. षटकोनी घरांचा नकाशा, एक घर म्हणजे ३० मैल. एकेका राज्याला मजकूर किती, तर राजा कोण, लोक किती, काय पिकतं, कुणाशी वैर. संपलं. पुढचं डीएमनं बघावं. लोक याला कंजुषी म्हणायचे. तुमच्यासारख्या गटाला हीच सोय आहे.

आणि तुम्ही २०२४ ची पुस्तकं घेतली आहेत म्हणता, मग नवीन काही घ्यायलाच नको. त्यातल्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये नमुन्याचं जग म्हणून ग्रेहॉकच दिलेलं आहे, नकाशासकट. थोडक्यात आहे. एका बैठकीत वाचून होतं. इंग्रजी वाचणाऱ्या दोघांनी बाकीच्या दोघांना चहावर तोंडी सांगितलं तरी पुरेल.

अजून एक. तुमच्यात कुणी विझार्ड (जादूगार) केला असेल तर त्याच्या शीटवर, म्हणजे पात्राच्या कागदावर, ग्रेहॉक आधीच येऊन बसलेलं आहे. टेन्सरची तरंगती तबकडी हा मंत्र म्हणतो ना आपण, तो टेन्सर म्हणजे गायगॅक्सच्या मुलाचं, अर्नेस्टचं कॅरेक्टर. नावातली अक्षरं फिरवलेली. मेल्फ दुसऱ्या मुलाचं. ड्रॉमिज म्हणजे त्याच टेबलावरचा जिम वॉर्ड, उलटा वाचलेला. मॉर्डेनकायनेन खुद्द बापाचा. घरच्या टेबलावरच्या पोरांची नावं पन्नास वर्षं छापली जाताहेत! (कंपनीनं २०२३ ला मूळ नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा केला, त्यात मात्र ही नावं काढलेली आहेत. बिग्बीचा हात हा मंत्र तिथं नुसता जादूचा हात. म्हणजे नियम सगळ्यांचे, ग्रेहॉक कंपनीचं. आपसांत खेळायला काही अडत नाही, पण उद्या मराठी पुस्तिका छापून विकायची झाली तर ही नावं वापरू नका.)

पंचांगाचं सांगतो. हसाल, पण खेळताना रोज लागतं. रेल्म्सचा महिना ३० दिवसांचा, दहा-दहाचे तीन भाग, सात वारांचा आठवडा नाहीच. सोलापूरच्या माणसाला वाराशिवाय बाजार कळत नाही. आपल्या पेठाच मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. "पुढच्या बाजाराला भेटू" म्हणालं की कधी, हे कळलं पाहिजे. ग्रेहॉकात वार सात. २८ दिवसांचे १२ महिने, आणि मधेमधे सणाचे चार आठवडे. एकूण ३६४. चंद्र दोन, एकाची फेरी २८ दिवसांची, दुसऱ्याची ९१. दोन्हींनी ३६४ ला पूर्ण भाग जातो, त्यामुळे पौर्णिमा दर वर्षी त्याच तारखेला. एका कागदावर रेघा मारल्या की चौघांचं पंचांग झालं. त्या रात्री लांडगेमाणूस फिरणार हे कारखान्याच्या हिशेबवाल्याला माझ्याआधी कळेल.

देवांचंही निभतं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत प्लेअर्स हँडबुकमध्ये देव सरळ ग्रेहॉकचे होते, पेलॉर, हायरोनियस, वी जॅस, नेरुल, ओबाद-हाय. सूर्य, शौर्य, जादू, मरण, रान. आपल्या कुणाच्या देव्हाऱ्यात यातलं कुणी नाही, आणि समजायला वेळ लागत नाही. सगळे घेऊ नका. सात-आठ पुरे.

राहता राहिलं चौघांत वाटणं. ते आधी करून झालेलं आहे. २००० ते २००८ लिव्हिंग ग्रेहॉक म्हणून जगभर एक मोहीम चालली. नकाशावरचं एकेक राज्य खऱ्या जगातल्या एकेका भागाला दिलेलं. तुमच्या राज्यातली साहसं तुम्ही लिहायची, दुसऱ्याच्या हद्दीत ढवळाढवळ करायची नाही, आणि कॅरेक्टर घेऊन मात्र कुठंही जा. तुम्ही हेच करा. ग्रेहॉक नावाचंच एक शहर तिथं आहे, ते सामाईक. चौघांना चार दिशा. तिथलं साल ५७६ वर गोठवा, त्यापुढचं छापील काही मानू नका. १९९१ मध्ये एक मोठं युद्ध छापून सगळी राज्यं विस्कटली होती, ते तर अजिबात नको. ५७६ नंतर तुमच्या टेबलांवर होईल तोच इतिहास. शहरात काही कायमचं बदलायचं असेल, म्हणजे एखादा सरदार मारायचा किंवा पूल पाडायचा, तर ग्रुपवर एक ओळ टाकायची. बाकी कुठल्याच गोष्टीला परवानगी नाही लागत.

भोंगा, एबेरॉन मला तुझ्याइतकंच आवडतं. पण त्यात घराणी आणि त्यांच्या खुणा समजल्याशिवाय पहिलं पाऊल टाकता येत नाही. एका डीएमनं सलग वर्षभर चालवायचं जग आहे ते. तू चालव, मी वॉरफोर्ज्ड घेऊन येतो.

कुडल_संगम:

मालढोक अण्णा, सगळं पटलं, पण एक खटकतं. हत्तरसंग कुडलला शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख आहे. भीमा-सीनेचा संगम, ३५९ मुखांचं शिवलिंग. आपला भुईकोट आदिलशाही आणि निजामशाहीच्या ओढाताणीत कितीदा या हातातून त्या हातात गेला. तासाभरावर नळदुर्ग. एवढं सगळं उशाला असताना अमेरिकेतल्या एका माणसाच्या घरचा नकाशा घेऊन बसायचं? आपलं दख्खनचं जग का नको?

मालढोक:

भूगोल घे ना. कोण नको म्हणतं. नावं आणि देव घेऊ नकोस.

संतांना, पिरांना ताकदीचे आकडे द्यायची वेळ आली की टेबलावर कुणीतरी गप्प होतं. ताईंनी ते आधीच सांगितलंय. आणि खरा इतिहास घेतला की पुन्हा जाणकार हजर, "तो किल्ला त्या साली आदिलशहाकडं नव्हता." रेल्म्सचं दुखणं परत आलं, फक्त आता भांडण आपल्या माणसांचं.

पण ग्रेहॉक शहराच्या दक्षिणेला टेकड्या आहेत, अबॉर-आल्झ. त्यांच्या पलीकडे वाळवंट. म्हणजे पायथ्याचा मुलूख कोरडाच असणार, आणि त्याबद्दल छापील मजकूर नावापुरता. तिथं काळी माती टाक, ज्वारी टाक, उन्हाळ्यात भेगा पडलेलं रान टाक, कोण अडवतंय? नळदुर्गचा पाणीमहाल जसाच्या तसा उचल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला बंधारा आहे, बोरी नदीवर, आणि बंधाऱ्याच्या पोटात खोल्या. पावसाळ्यात तिथल्या खिडकीत उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा कोसळत असतो आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ह्याच्यावरून डंजन (सापळ्यांचं भुयार) बनवायला किती वेळ लागतो? स्टेल्थला (चोरपावलांनी जायला) अॅडव्हांटेज, कारण आवाज पोचतच नाही. पण सोबत्याला ओरडून सावध करायचं, तर तेही जमत नाही. इशाऱ्यांवर काम. खाली दार कुणी उघडलं तर पाणी आत यायला किती राउंड, ते तू ठरव.

मंगळवेढ्याची दुष्काळातल्या कोठाराची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक. विठ्ठल मधे न आणता ती बघ. कोठीवाल्यानं राजाचं धान्य उपाशी लोकांना वाटून टाकलं. राजाचे घोडेस्वार निघालेत. पोचायला चार दिवस. खेळणाऱ्यांनी धान्य भरून आणायचं, की कोठीवाल्याला पळवायचं, की रस्त्यातला पूल पाडायचा? एक राक्षस न घालता तीन रविवार जातील. नाव बदलून टाक, ऐकणारा ओळखेल तो ओळखेल.

होटगी_रोडची_चेटकीण:

सगळं काल वाचून दाखवलं. भाची नववीत आहे, नियम तिलाच सगळ्यात जास्त येतात. तिनं पहिला प्रश्न हा विचारला की तिचा जुना ड्रुइड (रानाची जादू करणारं पात्र), जो गेलेल्या डीएमच्या जगातला आहे, त्याचं काय? मालढोक अण्णा, यावर तुम्ही काही लिहिलं नाही.

मालढोक:

विचारायचं कशाला. "दुरून आलोय" एवढं म्हणायचं आणि ओबाद-हायच्या झाडाखाली झोपायचं. नकाशा एवढा मोठा आहे. त्याचं गाव कुणाच्याच दिशेला टाकू नका म्हणजे झालं. कधीतरी पुण्याचा डीएम सुट्टीला येईल, त्या रविवारी ते गाव त्याचं.

होटगी_रोडची_चेटकीण:

हे तिला आवडलं. ठरलं मग. ग्रेहॉक, ५७६. वाटणी अशी: उत्तरेचं मोठं तळं एमआर दादाला, कारण त्याला प्रवासच आवडतो. पश्चिमेचं जंगल इंजिनिअरिंगवाल्याला. पूर्वेच्या टेकड्या आणि त्यातल्या खाणी हिशेबवाल्याला. तो म्हणतो खाणीची वही आधी ठेवणार, राक्षस नंतर. दक्षिणेचा कोरडा मुलूख मी घेतला. कुडल, तुमचा बंधारा मी वापरणार आहे, आधीच सांगून ठेवते. देव आठ घेतले, एका ताव कागदावर मराठीत लिहून भिंतीला लावले. पंचांग भाचीनं आखलं, पौर्णिमा लाल पेननं.

इंजिनिअरिंगवाल्याचं तोंड अजून वाकडं आहे. त्याला बाल्डर्स गेट पाहिजे होतं. त्याला सांगितलं, जंगलात एक गाव बांध आणि तिथल्या खानावळीला हवं ते नाव दे, आमच्यातलं कुणी तपासायला येणार नाही.

नवीपेठकर:

ताई, मी येऊ का या रविवारी? रेल्म्सबद्दल तोंड उघडणार नाही. फासे माझे.

होटगी_रोडची_चेटकीण:

या की. तीनच्या आत या, नंतर वरच्या मजल्यावर टाळा लागतो. भाकरी-चटणी आणली तर मागच्या बाकावर ठेवायची, नकाशाच्या टेबलावर नाही. शेंगा चटणीचं तेल लागलेलं एक शीट माझ्याकडे अजून आहे, त्यावर हिट पॉइंट किती ते कुणालाच वाचता येत नाही. आणि गाडी गल्लीत लावू नका, समोरचे आजोबा हवा सोडतात.